रेशीम आणि बुंदी : एका रात्रीत बिनसलेल्या दोन बहिणी

हे प्रकरण पुण्यातल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. मांजरींची नावं आणि घराच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. सविस्तर लिहायचं कारण असं, की यात एका मांजरीला घराबाहेर काढायचं जवळजवळ ठरलं होतं, आणि जिला काढणार होते तिला फक्त दुखत होतं आणि भीती वाटत होती. मांजराचं वागणं एकाएकी बदललं की घरचे "असं का करतेय?" हे विचारण्याआधीच "हिचं आता करायचं काय?" इथवर पोचतात. ही घाई पशुवैद्य म्हणून मला दवाखान्यात वारंवार दिसते.

पार्श्वभूमी

घर जुन्या सोसायटीत, पहिल्या मजल्यावर. आजी, मुलगा, सून आणि सातवीतली नात. रेशीम आणि बुंदी या एकाच वेतातल्या दोन भाट्या, वय सहा वर्षं. दोघींची नसबंदी लहानपणीच झालेली, रेबीजची लस दरवर्षी दिलेली. दोघी बाहेर जात नाहीत. बुंदी पुढे पुढे करणारी, पाहुण्यांच्या मांडीवर बसणारी. रेशीम लाजरी, ती फक्त नातीजवळ झोपते. दोघी एकमेकींना चाटून स्वच्छ करायच्या, हिवाळ्यात एकाच टोपलीत वेटोळं करून झोपायच्या. सहा वर्षांत किरकोळ थापटाथापटीपलीकडे भांडण नाही.

घराची रचना इथे महत्त्वाची आहे. हॉलच्या खिडकीखाली पार्किंगचे पत्रे आहेत. ग्रिलमध्ये बसलं की समोर थेट पत्रे दिसतात. दोघींची ही आवडती जागा, कारण पत्र्यावर खारी आणि साळुंक्या येतात. त्या वर्षी शेजारचा एक बंगला पुनर्विकासासाठी पाडला. त्या आवारात राहणारी मांजरं विखुरली आणि त्यातला एक मोठ्या डोक्याचा, कान फाटलेला बोका या सोसायटीत आला. खाली एक काकू रोज संध्याकाळी भटक्या मांजरांना खायला ठेवतात, त्यामुळे तो टिकला.

काय घडलं

फेब्रुवारीतली रात्र. दोन वाजता हॉलमधून किंचाळण्याचा आवाज आला. दिवा लावला तर रेशीम अंग फुगवून बुंदीवर तुटून पडलेली, बुंदी सोफ्याखाली अडकलेली, फरशीवर केसांचे पुंजके आणि लघवी. आजी मधे पडल्या. त्यांनी हातानं रेशीमला उचलायला पाहिलं आणि तिनं मनगटावर दात रोवले.

सकाळपर्यंत शांत होतील असं सगळ्यांना वाटलं. सकाळी सुनेनं बुंदीला कडेवर घेऊन रेशीमसमोर नेलं, "बघ, तुझी बहीण आहे" म्हणत. रेशीमचे कान डोक्याला चिकटले, डोळ्यांच्या बाहुल्या पसरल्या, घशातून खोल आवाज आला आणि ती पुन्हा झेपावली. दुपारी परत एकदा तोच प्रयत्न, तोच शेवट. संध्याकाळपासून बुंदी पलंगाखालून बाहेर येईना आणि तिथेच लघवी करू लागली. आजींनी दोघींची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. रेशीमच्या डोक्यात काही बिघाड झालाय, उद्या ती नातीलाही चावेल, असं घरात बोललं जाऊ लागलं.

चौथ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मुलगा पहिल्याच वाक्यात म्हणाला, "डॉक्टर, रेशीमला साताऱ्याला मामांकडे पाठवायचं ठरतंय. फक्त ती आजारी नाही ना, एवढं बघा."

आधी आजींचा हात

मांजरींकडे वळण्याआधी मी आजींचं मनगट पाहिलं. दोन बारीक छिद्रं, वर हळद, आजूबाजूला लाल सूज, बोटं वळवताना कळ. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून जखम एवढीशी दिसते, पण जंतू खोल स्नायूबंधापर्यंत जातात. मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जंतू सर्रास असतो आणि त्याची सूज बहुधा चोवीस तासांच्या आत दिसू लागते. हाताच्या सांध्याजवळचा चावा म्हणूनच साधा समजू नये. त्यांना अँटिबायोटिकची गरज होती आणि ती द्यायला माणसांचा डॉक्टर हवा होता.

दुसरा मुद्दा रेबीजचा. "घरातलीच मांजर आहे, लस झालेली आहे" हे खरं होतं. तरीही दात लागून रक्त आलेला चावा रेबीजच्या धोक्याच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वात गंभीर श्रेणीत मोडतो आणि पुढचा निर्णय माणसांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. शिवाय विनाकारण आक्रमक झालेलं मांजर म्हटलं की पशुवैद्याच्या मनात रेबीज आलाच पाहिजे. रेशीमच्या बाबतीत शक्यता फार कमी होती: नियमित लस, बाहेर जाणं नाही, कुणी चावल्याचा प्रसंग नाही, गिळताना त्रास नाही, चाल सरळ. तरी चावलेलं कुत्रं किंवा मांजर १० दिवस नजरेखाली ठेवायचं हा नियम आहे आणि तो पाळायला सांगितला. रेशीमला साताऱ्याला पाठवणं तेवढ्यापुरतं तरी आपोआप टळलं, कारण ती निघून गेली असती तर निरीक्षण कोण करणार होतं?

आजी त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात गेल्या. तिथे जखम धुऊन अँटिबायोटिक सुरू झालं आणि रेबीजच्या लसीचा कोर्सही. ही लस कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी घ्यावी लागते. दंडात दिली तर त्यात १४ वा दिवस वाढतो. आजींनी पूर्ण कोर्स केला. जखम झाल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुणं ही सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र चार दिवस आधी व्हायला हवी होती. हळद, चुना, तिखट यातलं काहीही अशा जखमेवर लावू नये.

तपासणी

दोघींना एकाच फेरीत, वेगवेगळ्या पिंजऱ्यांत बोलावलं होतं. एकटीच दवाखान्यात गेली तर ती औषधांचा वास घेऊन परतते, आणि घरात राहिलेली तिला ओळखत नाही. आधीच बिनसलेलं असताना हा आणखी एक भडका नको होता. निघण्याआधी दीड-दोन तास दोघींना गॅबापेंटिन दिलं होतं. त्यानं प्रवासाची भीती कमी होते आणि तपासताना मांजर हाताळू देतं. मात्रा वजनावर आणि मूत्रपिंडाच्या स्थितीवर ठरते, त्यामुळे हे औषध स्वतःच्या मनानं देण्याचं नाही. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. सुनेनं विचारलं होतं, की अंग दुखत असेल तर क्रोसिनची पाव गोळी चालेल का. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीरात निकामी होऊन बाहेर पडत नाही, त्यानं रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता ढासळते आणि अगदी थोडी मात्राही जीव घेऊ शकते. तिनं देण्याआधी विचारलं, हे फार चांगलं झालं.

बुंदीच्या कमरेवर दोन ओरखडे आणि एक दाताची खूण होती. गळू होऊ नये म्हणून केस कापून जखम साफ केली. लघवी तपासली, जंतुसंसर्ग नव्हता. भीतीनं पलंगाखालून निघत नव्हती, म्हणून तिथेच करत होती. ती मादी असल्यानं एक चिंता कमी होती. हीच तक्रार बोक्याची असती आणि तो वारंवार बसून कुंथत असता, तर मी सगळं बाजूला ठेवून आधी त्याचा मूत्रमार्ग तुंबलाय का ते पाहिलं असतं, कारण ते एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

रेशीमचं रक्त, लघवी, रक्तदाब सगळं ठीक आलं. थायरॉइडचा आजार बहुधा दहाव्या वर्षानंतर दिसतो, तिच्या वयात त्याची शक्यता कमी होती. उत्तर सापडलं तोंडात. खालच्या जबड्यात डावीकडे एका दाढेच्या मुळाशी हिरडीसारखा लाल ठिपका होता. तिथे कापसाची काडी टेकवताच गुंगीतही तिचा जबडा थरथरला. याला टूथ रिसॉर्प्शन म्हणतात: दात हळूहळू विरघळत जातो आणि नस उघडी पडते. प्रौढ मांजरांत हे सर्रास आढळतं. वेदना तीव्र असते आणि मांजर ती लपवतं.

मग मी घरच्यांना मागे जाऊन आठवायला सांगितलं. नात लगेच म्हणाली, "ती कोरडं खाणं तोंडातून सांडते. आणि मान वाकडी करून खाते." किती दिवसांपासून? दिवाळीपासून असेल. तिच्या मोबाइलमध्ये रेशीमचे फोटोही होते. २०१९ मध्ये माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात कान, डोळे, नाकतोंडाजवळचा ताण, मिशा आणि डोकं कुठे धरलं आहे, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. जानेवारीतल्या फोटोंत रेशीमचे डोळे अर्धवट आवळलेले आणि कान बाहेर वळलेले स्पष्ट दिसत होते. घरच्यांना ती "आळसावलेली" वाटत होती.

दुखणं हे हल्ल्याचं एक कारण झालं. पण दाढ चार महिने दुखत होती. मग त्याच रात्री काय झालं? याचं उत्तर खिडकीत होतं. मी घराचा व्हिडिओ मागवला. ग्रिलच्या खालच्या पट्टीवर पिवळट डाग सुकलेले होते. बोका पत्र्यावरून वर चढून तिथे लघवीचा फवारा मारून जात होता. सुनेला आठवलं, की त्या रात्रीच्या आधी आठवडाभर दोन्ही मांजरी खिडकीची चौकट हुंगत राहायच्या आणि रेशीम तिथे बसून शेपटी आपटायची. त्या रात्री बोका समोर आला असणार. रेशीमला त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. त्याच क्षणी बुंदी शेजारी आली आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं. इंग्रजीतून आलेलं याचं नाव रिडायरेक्टेड ॲग्रेशन. अशा वेळी भडकलेलं मांजर काही तास, कधी काही दिवस निवत नाही. आणि त्या क्षणी जी समोर होती तिच्याशीच त्याची भीती जोडली जाते. बुंदी दिसली की बोका आठवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुंदीला तिच्यासमोर धरणं म्हणजे ती गाठ आणखी घट्ट करणं होतं.

कोणते पर्याय होते

रेशीमला साताऱ्याला पाठवणं. घरच्यांचा कल इकडेच होता, आणि मामांचं घर प्रेमळ होतं हेही खरं. पण दुखती दाढ घेऊन, सहा वर्षांची लाजरी मांजर, उघड्या अंगणात, अनोळखी कुत्र्यांमध्ये? ती दोन दिवसांत कुठेतरी पळाली असती. आधी सगळं करून पाहावं आणि नाहीच जमलं तर बंद घरात राहणारं नवं कुटुंब शोधावं, असं माझं म्हणणं होतं. दोन मांजरींना कायम वेगळं घर देणं हा कधीकधी खरोखर योग्य मार्ग असतो. तो पहिल्या आठवड्यात निवडू नये, इतकंच.

खाली सोसायटीत सोडून देणं. एका शेजाऱ्यानं हा सल्ला दिला होता. घरात वाढलेलं मांजर असं सोडलं की ते उपाशी मरतं किंवा गाडीखाली येतं. १९६० च्या प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा गुन्हाही आहे. यावर चर्चा केली नाही.

"भांडून भांडून आपोआप मिटेल." हे फार ऐकू येतं. कुत्र्यांच्या टोळीत तडजोडीचे संकेत असतात. मांजराच्या स्वभावात भांडणानंतर समेट करायची पद्धत जवळजवळ नाही. प्रत्येक भांडण पुढच्या भांडणाला कारण होतं.

फक्त मनावरचं औषध. फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं अशा प्रकरणात उपयोगी पडतात, पण त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि दाढ किंवा खिडकी यांचा प्रश्न ती सोडवत नाहीत. रेशीमच्या बाबतीत हे औषध हाताशी ठेवायचं, सुरू करायचं नाही असं ठरवलं. हा निर्णय माझा होता आणि त्यावर मी शेवटी पुन्हा बोलणार आहे.

उरला तो मार्ग कष्टाचा: दोघींना पूर्ण वेगळं करणं, दाढ काढणं, बोक्याचा बंदोबस्त, आणि मग दोघी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या असं धरून नव्यानं ओळख. आजींनी विचारलं, "किती दिवस?" दोन-तीन महिने धरून चाला, असं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरीची दहावी असल्यासारखं करू. जमवू."

काय केलं

रेशीम नातीच्या खोलीत, बुंदी हॉल आणि स्वयंपाकघरात. प्रत्येकीचा वाळूचा ट्रे, पाणी, खाणं, लपायला खोकं आणि उंच बसायची जागा वेगळी. बुंदीकडे दोन ट्रे ठेवले, त्यातला एक पलंगाशेजारी. मांजरांना कोणत्या परिस्थितीत सुरक्षित वाटतं याबद्दल २०१३ मध्ये मांजरांच्या पशुवैद्यांच्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातलं मुख्य सूत्र हेच: जागा असावी, ती वाटून घ्यावी लागू नये, आणि मांजराच्या नाकाचा मान राखावा.

नाकाचा मान राखणं या घरात सगळ्यात अवघड गेलं. लघवीची घटना झाल्यापासून दिवसातून दोनदा फिनाईलनं फरशी पुसली जात होती. फिनॉलवर्गातली रसायनं मांजराच्या यकृताला नीट हाताळता येत नाहीत. पंजे चाटताना ती पोटात जातात. दुसरा तोटा वागणुकीचा. मांजरी गाल, कपाळ, अंग घासून घरभर आणि एकमेकींवर स्वतःचा वास ठेवतात. त्या मिसळलेल्या वासावरून "ही आपल्यातली" हे कळतं. फिनाईलनं तो वास रोज पुसला जात होता आणि बोक्याचा फवारा खिडकीवर तसाच होता. म्हणून उलटं केलं: फरशीला कोमट पाणी आणि सौम्य साबण, आणि खिडकीच्या पट्टीला व पलंगाखालच्या डागांना एन्झाइम असलेला क्लीनर. गादी टाकून द्यावी लागली.

खिडकीच्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर धूसर फिल्म चिकटवली. उजेड येतो, पत्रे दिसत नाहीत. बोक्याबद्दल सोसायटीत आधी "पकडून लांब सोडा" अशी मागणी झाली. त्यानं काही साधत नाही. रिकाम्या जागी दुसरा येतो. आजी स्वतः खालच्या काकूंशी बोलल्या. खाणं ठेवायची जागा मागच्या भिंतीजवळ गेली, आणि प्राणिमित्रांच्या मदतीनं बोक्याची नसबंदी आणि लसीकरण झालं. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचं भटकणं, फवारणं आणि भांडणं कमी होतं, मात्र त्याला काही आठवडे जावे लागतात. तोवर फिल्म हाच आधार होता.

दातांचा एक्स-रे काढून रेशीमच्या दोन दाढा काढल्या. एक दिसत होती ती, आणि दुसरी बाजूची, जी वरून धड वाटत होती. चार-पाच दिवसांतच नातीचा निरोप आला, की रेशीम कपाटावर चढून बसायला लागली. खाणंही दोन्ही बाजूंनी चावू लागली.

यानंतर खरं काम सुरू झालं. आजींच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे केले. एका तुकड्यानं रेशीमचे गाल हलके पुसायचे, तो बुंदीच्या ताटलीपासून थोडा दूर ठेवायचा, बुंदीचा रेशीमकडे. नाकासमोर धरायचा नाही. हुंगून खाणं चालू ठेवलं तर दुसऱ्या दिवशी किंचित जवळ. दोघी कापडाकडे दुर्लक्ष करू लागल्यावर रोज तासभर खोल्यांची अदलाबदल: एक दुसरीच्या जागेत फिरते, पण भेट नाही. मग बंद दाराच्या दोन बाजूंना ताटल्या, सुरुवातीला दारापासून लांब. घर शाकाहारी आहे. तरी आजींनी बाहेरून उकडलेलं बिनमिठाचं चिकन आणायला परवानगी दिली, वेगळं भांडं ठेवून. हे चिकन फक्त त्या दारापाशीच मिळायचं. दुसरीचा वास आला की आवडीचं खाणं येतं, ही नवी गाठ बांधायची होती. (दूधभातावर मांजर ठेवणाऱ्या घरांना इथेच सांगून टाकतो: टॉरिन हा घटक मांजराला मांसातूनच मिळतो, आणि तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात.)

नंतर दाराला मच्छरदाणीच्या जाळीची चौकट बसवली, तिच्यावर चादर. चादर रोज थोडी वर. इथे नातीनं एक वही केली. कान पुढे आहेत की चपटे, शेपटीचं टोक हलतंय का, एकटक बघतेय का, खाताना पाठ करते का. एकटक रोखून पाहणं ही धमकी, आणि मान वळवून डोळे मिटणं हा विश्वास, एवढं वाचता आलं की अर्धं काम होतं. नियम एकच: कुणी खाणं थांबवून रोखून पाहिलं तर चादर खाली, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर.

मधला धक्का

तिसऱ्या आठवड्यात चादर अर्ध्यावर होती आणि सगळे खुशीत होते. एका सकाळी जाळीच्या दोन बाजूंना दोघी खात असताना कुकरची शिट्टी झाली. मांजराला सुमारे ६४ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपल्याला जेमतेम २०. त्या शिट्टीत आपल्याला न कळणारं बरंच काही त्यांना ऐकू येत असावं. रेशीम फुगली आणि जाळीवर आदळली. बुंदी पळाली ती पुन्हा पलंगाखाली, आणि त्या रात्री पुन्हा तिथेच लघवी.

मुलगा फोनवर म्हणाला, "सगळं पाण्यात गेलं. मामांना कळवतो." तो थकला होता आणि त्याचं थकणं साहजिक होतं. मी त्याला वहीतला त्याच्या मुलीचाच शेरा वाचायला सांगितला: रेशीम शिट्टीनंतर दहा मिनिटांत खाऊ लागली होती. पहिल्या वेळी ती चार दिवस निवली नव्हती. फरक मोठा होता. कापडाच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली, भेटीची वेळ कुकर लागण्याच्या आधीची ठरवली, आणि रोज भेटीआधी दोघींना काडीला बांधलेल्या पिसाशी वेगवेगळं खेळवून दमवायचं ठरलं.

फेरोमोनचा डिफ्यूझरही (मांजरांना शांत करणाऱ्या वासाची नक्कल हवेत सोडणारं उपकरण) त्यांनी मागवला होता. तो कितपत उपयोगी पडतो याबद्दल अभ्यासांत एकमत नाही. त्याचा अपाय नव्हता, म्हणून लावू दिला. पण या घरात त्याचा वाटा किती होता ते वेगळं काढता येणार नाही.

परिणाम

साधारण दोन महिन्यांनी जाळी काढली. आधी पाच-दहा मिनिटं, माणसं हजर असताना, मग संध्याकाळभर. रात्री दोघी पुढेही बराच काळ वेगळ्या राहिल्या. बुंदीची पलंगाखालची लघवी बंद झाली. आजींचा हात पूर्ण बरा आहे.

दोघी आता एका सोफ्यावर बसतात, मधे हातभर अंतर ठेवून. एकमेकींना चाटत नाहीत, टोपलीत एकत्र झोपत नाहीत. सुनेला याचं वाईट वाटतं. मी तिला सांगितलं, की मांजरींच्या दृष्टीनं शांतपणे एका जागी बसणं हेही नातंच आहे, आणि पूर्वीची जवळीक परत आली नाही म्हणून प्रयत्न फसला असं नाही. ती येईलही. त्या जवळिकीसाठी दोघींना जवळ ढकलू नये.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री मधे हात घालायला नको होता. जाड उशी, पुठ्ठा किंवा चादर दोघींच्या मधे सारायची, एकीला अंधाऱ्या खोलीत जाऊ द्यायचं आणि दार लावायचं. मग किमान एक-दोन दिवस, गरज पडली तर जास्त, भेट नाही. दुसऱ्या दिवशी झालेले समेटाचे दोन प्रयत्न टळले असते, तर माझ्या अंदाजानं पुढचा काळ अर्ध्यावर आला असता.

दाढ दिवाळीतच दिसली असती. सांडणारं खाणं नातीला दिसत होतं, पण "मांजर सांडतंच" म्हणून तिचं कुणी ऐकलं नाही. लसीसाठी वर्षातून एकदा दवाखान्यात येणं होतंच, त्याच भेटीत तोंड उघडून पाहायला हवं आणि घरातल्या लहान मुलाला "तुला काय वेगळं वाटतं?" असं विचारायला हवं. मी आता ते दरवेळी विचारतो.

फ्लुऑक्सेटिनबद्दल. तिसऱ्या आठवड्यातल्या धक्क्यानंतर ते सुरू करणं चुकीचं ठरलं नसतं, आणि माझे काही सहकारी बुंदीलाही काही काळ औषध देण्याच्या बाजूचे असतील, कारण घाबरून पळणारीच्या पळण्यानंही दुसरी चेतते. इथे वेदना हे ठोस कारण हाती लागलं होतं आणि घरात चादर वर-खाली करायला दिवसभर कुणीतरी होतं, म्हणून थांबता आलं. दोघंही नोकरीला जाणारं जोडपं असतं, तर मी पहिल्याच भेटीत औषध लिहिलं असतं.

आणि खिडकी. फिल्म लागली ती दाढा काढल्यानंतर, म्हणजे दहा-बारा दिवस उशिरा; तोवर बुंदी हॉलमध्ये होती आणि बोका रोज दिसत होता. जुनं वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी यांनी काच पहिल्याच संध्याकाळी झाकता आली असती. असं प्रकरण फोनवर कळलं तरी आता दवाखान्याची वेळ देण्याआधी माझं पहिलं सांगणं हेच असतं: दोघींना वेगळं करा आणि काच झाका.